घोंगडीखालचं गाणं

मे महिन्यात, भर दुपारी, लाईट गेलेली असताना डोक्यावरून काळी घोंगडी घेऊन बसलेला माणूस कुणी पाहिलाय का? मी पाहिलाय. एकदा नाही, पाच-सहा उन्हाळे पाहिलाय. आणि त्या घोंगडीतून घामानं निथळत बाहेर आल्यावर तो पहिलं काय बोलायचा तेही सांगते. "कोरडा आला का गं?" आवाज कोरडा आला का, घुमला तर नाही ना, असं विचारायचं असायचं त्याला. स्वतः अंगातलं बनियन पिळायच्या लायकीचं झालेलं आणि चौकशी आवाजाची!

वयानं माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा. 'ते' म्हणायला पाहिजे, मला कळतं. पण पहिल्या दिवसापासून दादा म्हणत आले, आणि दादाला कुणी 'ते' म्हणत नाही आमच्याकडं.

औरंगपुऱ्यात माझ्या मामाचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं. रेकॉर्डिंग म्हटल्यावर लगेच काचेची खोली आणि कानावर हेडफोन डोळ्यांपुढं आणू नका. रिक्षावर भोंगा लावून गावभर ओरडत फिरतात ना, साड्यांचा सेल, सर्कस, निवडणूक, जयंतीची मिरवणूक, ती अलाउन्सिंग आम्ही भरून द्यायचो. पुढच्या खोलीत मामा आणि गिऱ्हाईक. मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक माईक आणि कॉलेज सुटल्यावर मी. मी लासूर स्टेशनची. शिकायला म्हणून हर्सूलला मामाकडं राहिले आणि शिकणं राहिलं बाजूला, दुकानात बटणं दाबायला लागले. दादा त्या दुकानाचा आवाज होता. शहरातल्या निम्म्या रिक्षा त्याच्या तोंडानं बोलायच्या.

मागची खोली रिकाम्या गोदामासारखी घुमायची. मामानं भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून पाहिले, त्यात पाली झाल्या. मग एके दिवशी दादानं गावाकडून बापाची घोंगडी आणली, माईकसकट डोक्यावरून घेतली आणि आतून ओरडला, "आता दाब." आवाज असा स्वच्छ आला की मामा पुढच्या खोलीतून उठून बघायला आला. मेंढरं राखणाऱ्या घरचा माणूस तो, पिशोरकडचा. लोकरीवर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास.

शेजारचा चहावाला चाचा रोज कप ठेवायला यायचा आणि रोज तेच विचारायचा. "क्या भाई, मई के महिने में कंबल? दिमाग-विमाग ठीक है ना?"

"मेरेकू नै चाचा, आवाज कू थंडी लगती," घोंगडीतून उत्तर यायचं.

अलाउन्सिंग भरून झाली की तो घरी जायचा नाही. रिक्षाच्या मागं मागं चालत जायचा. गुलमंडी, शहागंज, कधी पार टीव्ही सेंटरपर्यंत. स्वतःचाच आवाज ऐकत? मी चिडवायचे, "दादा, एवढं प्रेम बरं नाही स्वतःवर." तर म्हणायचा, "येडी, मी आवाज नाय ऐकत. कोणत्या शब्दाला मानूस मान वळवतो ते बघतो." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी येऊन तो 'भव्य' काढून टाकायचा, 'सुवर्णसंधी' काढून टाकायचा. "ह्याला कुणी बघंना. काढ." गिऱ्हाईक भांडायचं, भव्य पाहिजेच म्हणायचं. तो म्हणायचा, मग तुम्हीच बसा घोंगडीत.

तालावर भरभर बोलायच्या गाण्याला रॅप म्हणतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. रविवारच्या बाजारात जुन्या कॅसेटी मिळायच्या, त्यातून त्यानं कुठल्या तरी अमेरिकेतल्या पोरांच्या दोन कॅसेटी आणल्या होत्या. कव्हर नाही, नाव नाही. इंग्रजीचा त्याचा आणि माझा सारखाच उजेड. मी विचारलं, "काय कळतं रे तुला यातलं?" तर म्हणाला, "शिव्या नाय कळल्या. राग कळला." तेव्हापासून तो बोटांची पेरं मोजत चालायला लागला. अंगठा एकेका पेरावर टेकवत, ओठ हलवत, शब्द तालात बसवत. बसस्टँडवर लोकांना वाटायचं माणूस जप करतोय. बायका सरकून जागा द्यायच्या.

मग हर्सूल तलावाच्या बांधावर संध्याकाळी पोरं जमायला लागली. गॅरेजातली, कॉलेजातली, मराठी बोलणारी, दखनी बोलणारी. तो त्यांना बांध चढायला लावायचा आणि चढता चढता आपापले बोल म्हणायला लावायचा. दम लागला की थांबवायचा. "श्वास कुठं घेतलास ते सांग. शब्द कुणीबी चोरंल, श्वास तुझा पायजे." आज या शहरात जी पोरं मराठीत, दखनीत रॅप करतात, ज्यांची गाणी लाखांनी लोक ऐकतात, त्यांतली निम्मी त्या बांधावर धापा टाकलेली आहेत. हे मी उगीच मोठेपणा म्हणून सांगत नाही. मी तिथं होते.

माझं सांगते. मी तेव्हा तोंडातल्या तोंडात बोलायचे. वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हटलं तरी सर दोनदा विचारायचे. दुकानात कधीमधी मी घोंगडीत शिरून हळूच काहीतरी भरून बघायचे, आणि ते त्यानं ऐकलं. मामाला म्हणाला, पोरीचा आवाज रिक्षावर जाऊ द्या. मामा म्हणाला, "डोकं फिरलं का तुझं? पोरीचा आवाज भोंग्यावर? तिचा बाप लासूरहून येऊन मला उभा चिरंल."

दादा दुसऱ्या दिवशी गळ्याला मफलर गुंडाळून आला. हातात शाळेतली पाटी. पाटीवर लिहिलेलं, 'घसा गेला.' मामाच्या पायाखालची जमीन सरकली. साडीवाल्याचा सेल दोन दिवसांवर आलेला, दुसरा माणूस मिळेना. खुणा करून करून दादानं माझ्याकडं बोट दाखवलं. मामानं देवाचं नाव घेतलं आणि मला घोंगडीत ढकललं. आठ दिवस मी भरत होते आणि तो पाटीवर लिहून दाखवत होता. 'पोट आत घे.' 'साडी शब्दावर हस.' 'भिऊ नको, भोंगा कुणाला खात नाही.' माझा आवाज पहिल्यांदा गुलमंडीतून गेला त्या दिवशी मी दुकानाच्या दारामागं लपून बसले होते.

नवव्या दिवशी संध्याकाळी तलावावरून घरी जात होते तर काय, बांधावर हा खणखणीत आवाजात पोरांना झापत उभा! मला पाहिलं आणि खिशातून मफलर काढून गळ्याला गुंडाळला. आठ दिवस आपलं काम सोडून बसला होता माणूस, माझा आवाज सुटावा म्हणून. आज कार्यक्रमांची, दवाखान्यांची, बँकांची निवेदनं भरून देऊन माझं घर चालतं. त्या आठ दिवसांचे आभार मी कसे मानायचे, मला अजून समजलेलं नाही.

आता त्या गाण्याचं. एका दुपारी लाईट नव्हती, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर कसाबसा जिवंत होता, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. तो म्हणाला, "एक माझं भरू का?" घोंगडीत शिरला. आणि आधी एक हाक आली. मेंढरांना मारतात तशी हाक, खालून सुरू होऊन मध्येच तुटणारी, तुटल्यावर दुसऱ्याच सुरात वर जाणारी. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्यामागून बोल सुटले:

पिशोरची येष्टी, मागली शीट,
गचक्या गचक्यानं बसा जरा नीट;
बाप म्हणी शिक, माय म्हणी जेव,
शहर म्हणी नाव सांग, मंगच पाय ठेव.

असं तीन मिनिटं. मागं ताल म्हणून त्यानं टेबल वाजवलं होतं, बाकी काही नाही. मी म्हणाले, "दादा, शेवटी नाव सांग की तुझं. कुणाचं गाणं ते कळायला नको?"

"नाव कशाला? हाक हाय ना वर."

त्याच्या घरी तसंच होतं. कळप कुणाचा ते हाकेवरून कळतं, मेंढरांच्या गळ्यात कुणी पाटी अडकवत नाही. डोंगरात पाच कळप एकत्र चरत असले तरी ज्याची हाक त्याची मेंढरं. त्याला वाटलं, शहरातही तसंच असेल. तेव्हा मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. त्यानं दोन दुकानांना दिलं आणि महिन्याभरात ते गाणं वैजापूरपासून सिल्लोडपर्यंत प्रत्येक फोनमध्ये होतं. नाव कुणाचंच नाही. लोक म्हणायचे, ते मेंढरावाल्याचं गाणं लाव. तो खुशीत असायचा.

बरीच वर्षं गेली. मामानं दुकान बंद केलं, माझं लग्न झालं, दादा बांधावरच्या पोरांना शिकवत आणि मिळेल तिथं निवेदन करत राहिला. लासूर स्टेशनला माझ्या चुलत भावाची हळद होती, त्याला आमंत्रण होतं. जेवणाच्या पंगती बसलेल्या आणि डीजेवर एकदम ती हाक आली. केवढी मोठी! खाली ढोल, बाजा, काय काय घातलेलं, पण हाक तीच, आवाज तोच, पुढच्या चार ओळी त्याच. पोरांनी हात वर केले. दादा पत्रावळीवरून उठला आणि खुर्चीवर उभा राहिला. "आपलं हाय! पोरी, आपलं हाय!" आणि नाचला, अहो पन्नाशीकडं आलेला माणूस, चांगला पाच मिनिटं नाचला.

मग डीजेवाल्याकडं जाऊन म्हणाला, नाव दाखव. फोनवर मुंबईच्या एका कंपनीचं नाव, आणि काळा चष्मा घातलेल्या कुणा पोराचा फोटो. गीत त्याचं, संगीत त्याचं, आवाज त्याचा. दादानं ते गाणं चार वेळा लावायला लावलं. नंतर परत पंगतीत येऊन बसला आणि गपगुमान जेवला. जिलेबी वाढायला आलेल्याला नाही म्हणाला नाही. मला ते बघवलं नाही.

घरी जाऊन त्यानं पोरांकडून स्वतःचं जुनं गाणं नेटवर चढवून घेतलं, खाली आपलं नाव घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात. फोन पुढं केला, त्यावर नेटवाल्यांची नोटीस. म्हणाला, "वाच."

"तुला येतं की वाचता."

"येतं. पन तुझ्या आवाजात वाच, म्हणजे खरं वाटंल."

मी वाचलं. या ध्वनिमुद्रणातला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा असल्यामुळे ते काढून टाकण्यात आलं आहे. त्यानं तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना मला रडू आलं, त्याला नाही. तो फक्त म्हणाला, "माझा आवाज माझा नाय म्हनतंय गं हे." त्याला पैसे नको होते. हे मी शपथेवर सांगते. त्याला एवढंच पाहिजे होतं की गाण्याच्या खाली खरं नाव लागावं.

आम्ही वकील केली. बांधावरच्याच एका पोराची बहीण, कोर्टात नवी, पण भलतीच टोकदार. ती म्हणाली, मूळ रेकॉर्डिंग आणा. मी मामाचा माळा धुंडाळला. मामा काहीच टाकत नाही, देव त्याचं भलं करो. सीड्यांची चळत सापडली आणि एकीवर स्केचपेननं लिहिलेलं, 'साडी सेल भाग दोन व इतर'. गाणं त्या 'इतर'मध्ये होतं. म्हणजे पुरावा म्हणून मुंबईला जी नक्कल गेली तिच्यात आधी चार मिनिटं मी साड्या विकत होते. त्या कंपनीच्या वकिलांनी कोट घालून, गंभीर चेहऱ्यानं 'एक घ्या दोन न्या' ऐकलं असणार, ह्या विचारानं मला आजही हसू येतं.

आवाज त्याचा आहे हे त्यांना नाकारता येईना. मग त्यांनी दुसरीच वाट काढली. पत्र आलं की चार ओळी कुणीही जुळवतो, गाण्याचा जीव म्हणजे ती हाक. आणि हाक तर मेंढपाळांची परंपरागत, पिढ्यान् पिढ्यांची, कुणाच्याच मालकीची नाही. तुमच्या माणसानं ती तोंडानं काढली, एवढंच. आवाजाचा मोबदला घ्या, गप्प बसा, नाव मागू नका.

दादा खवळला. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. "कुनाचीच नाय? घरोघरची हाक येगळी असती! चला पिशोरला. मेंढरांनाच इचारू. तुम्ही शूटिंग घ्या वकीलबाई. गानं लावतो, मेंढरं मान वळवत्यात का न्हाय ते बघा."

वकीलबाईला ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? आम्ही तिघं तिच्या गाडीतून गेलो. पिशोरच्या पुढं डोंगराच्या अंगाला त्याच्या काकूचा कळप चरत होता. काका जाऊन वर्षं झाली, मुलगा मजुरीला जातो, मेंढरं काकूच बघते. ती त्या वेळी ओढ्यावर पाणी प्यायला गेली होती. दादाला धीर कुठला! त्यानं स्पीकर दगडावर ठेवला, वकीलबाईनं फोन धरला आणि कंपनीचं गाणं मोठ्यानं लावलं.

हाक घुमली. एकाही मेंढरानं मान वर केली नाही.

"यांनी आवाज पातळ केलाय," दादा म्हणाला. "मशिनीनं चढवलाय. थांबा." त्यानं जुन्या सीडीतलं आपलं गाणं लावलं. काही नाही. मग शर्टाची बटणं सोडली, छाती भरून घेतली आणि स्वतः हाक दिली. तीच हाक, माझ्या अंगावर आजही काटा आणणारी. दोन म्हाताऱ्या मेंढ्यांनी वर पाहिलं, चावता चावता जरा विचार केला आणि परत खाली तोंड घातलं. वकीलबाईनं हळूच फोन बंद केला. दादा तिथंच उभा. रिक्षामागं मैल मैल चालून माणसांच्या माना मोजणारा हा माणूस, त्याच्या घरच्या मेंढरांनी त्याला ओळखलं नाही. मी दुसरीकडं बघायला लागले.

तेवढ्यात ओढ्याकडून काकू वर आली. बारीकशी बाई, नऊवार कंबरेला खोचलेलं, हातात काठी. तिनं आम्हाला पाहिलं, मेंढरं पांगलेली पाहिली आणि आधी मेंढरांना हाक दिली. तीच हाक! तोच मध्येच तुटणारा सूर, पण तुटल्यावर असा चढला की दादाचा कधी चढलाच नव्हता. अख्खा कळप वळला. दीडशे मेंढरं आमच्या अंगावरून तिच्याकडं. एकीनं जाता जाता वकीलबाईच्या फाईलचा कोपरा तोडून नेला.

दादा खाली बसला. मेंढरं पांगू लागली तेव्हा म्हणाला, "काकू, ही आपल्या घरची हाक ना?"

"घरची? नाय बाबा. तुझ्या काकाची येगळी व्हती, तुझ्या बापाची बी येगळी. ही माझी हाय."

"तुझी?"

"मी लगीन होऊन आले तवा तुमची मेंढरं माझ्याकडं येत नव्हती. तुझ्या काकाच्या हाकेला यायची. मी हाक दिली की उलटी पळायची, सासू हसायची. मंग मी काय केलं, तुमच्या घरची हाक अर्धी घेतली आणि पुढं माझ्या म्हायेरची जोडली. वरीसभर लागलं. आली मंग." काकूनं काठी टेकवली. "तू माझ्यामागं फिरायचास, येवढासा व्हतास. तू माझ्याकडनंच उचलली."

वकीलबाईनं तिला सगळं समजावून सांगितलं. मुंबईची कंपनी, चोरलेलं गाणं, नाव. गाणं वाजवून दाखवलं. काकूनं कान लावून ऐकलं. मग दादाकडं पाहून म्हणाली, आणि आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं, "त्यांनी तुला इचारलं नाय म्हनून भांडतुयास. बरुबर हाय. पन बाबा, तू मला कवा इचारलंस?"

दादानं पुढं होऊन तिचे पाय धरले. "चुकलं काकू. आता इचारतो. घेऊ का?"

"घी की. तुला नाय म्हनीन व्हय? पन माझी हाय म्हनून सांग."

परतीच्या वाटेवर कन्नड गावी चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "वकीलबाई, दावा बदला. हाक माझी नाय, माझ्या काकूची. मी तिला न इचारता घेतली व्हती, हे बी लिव्हा."

वकीलबाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "हे लिहिलं तर तुम्हीच तुमच्या पायावर धोंडा मारून घेताय. ते म्हणतील, बघा, हाही चोरच."

"म्हनू द्या. खरं हाय."

हातातली लढाई गेली, असंच मला वाटलं, आणि मनातल्या मनात त्याच्यावर चिडलेही. पण झालं उलटंच. कंपनीचं सगळं म्हणणं एका गोष्टीवर उभं होतं, की हाक कुणाचीच नाही. आणि आता कागदावर एक जिती बाई उभी राहिली, अंगठा देऊन सांगणारी, ही मी केली, ह्या घरचा अर्धा सूर आणि माहेरचा अर्धा, कुणाच्या लग्नाच्या साली, कुठल्या डोंगरात. सोबत शूटिंग. काकूनं पुन्हा एकदा हाक दिली होती, वकीलबाईनं ती घेतली होती, आणि त्यात दीडशे साक्षीदार पळत येताना दिसत होते. वकीलबाईनं दादाचा कबुलीजबाबही तसाच्या तसा पाठवला. स्वतःविरुद्ध खरं बोलणाऱ्या माणसाला खोटा कसा ठरवणार? सहा-सात महिने पत्रापत्री चालली आणि शेवटी त्यांचा निरोप आला. नावं कळवा, लावतो.

त्यांनी फॉर्म पाठवला. गीत कुणाचं, आवाज कुणाचा, ध्वनिमुद्रण कुणाचं, असे रकाने. दादा तो घेऊन चार दिवस फिरत होता, पोरं सांगत होती की बांधावर बसून पेन चावतोय. आम्हाला दाखवला नाही. वकीलबाईकडं पाकीट बंद करूनच दिलं.

मी त्याच्याबद्दल लिहितेय आणि नाव कुठंच घेतलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याला विचारलं होतं. म्हणाला, "लिही. पन नाव नगं. नाव गान्याखाली हाय, ज्याला पायजे तो बघंल." काकूलाही विचारलं. ती म्हणाली, लिही, पण मेंढरांनी त्याला ओळखलं नाही हे लिहू नको, त्याला वाईट वाटेल. मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, आधी तेच लिही.

असो. एका सकाळी मी भाजी निवडत बसले होते. वकीलबाईचा फोन आला, "लागलं! बघा बघा." मी हात पुसून फोन उघडला. तो काळ्या चष्म्याचा फोटो गेला होता. त्या पोराचं नाव खाली होतं, बारीक अक्षरात, कुठल्या तरी वाद्याच्या रकान्यात. सगळ्यांत वर 'हाक', आणि त्यापुढं काकूचं नाव. सासरचं नाही, आणि नुसतं माहेरचंही नाही, दोन्ही आडनावं, एकापुढं एक, जशी ती हाक केलीय तशी. त्याखाली दादाचं, गीत आणि आवाज. मी डोळे पुसले आणि आणखी खाली आले.

ध्वनिमुद्रण. तिथं माझं नाव होतं.

माझं! ज्या बाईनं एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून, एक बटण दाबलं तिचं. काहीतरी चुकलंय असं वाटून मी पुन्हा वाचलं. मग त्याला फोन लावला. आभार मानायला जमत नाही म्हणून भांडणच काढलं, आमच्याकडं असंच करतात.

"काय रे दादा! एवढं सगळं होऊनही तुला अक्कल आली नाही. माझं नाव घातलंस. मला विचारलंस का?"

पलीकडं पोरांचा गलका ऐकू येत होता. मग खाकरल्याचा आवाज आला, आणि तो अगदी हळू, लहान मुलासारखा म्हणाला, "खरं हाय गं. राहिलंच. आता इचारतो. लावू का तुझं नाव?"

दिवसाला आठ आठ तास बोलून पोट भरणारी बाई मी. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं, आणि आवाज फुटेना.